विहिरीजवळचा वेल

मी काकडी न धुता खाल्ली. भर रस्त्यात, आईच्या डोळ्यांदेखत.

आता हे विसरा. असं काही झालेलंच नाही. आमच्या अमरावतीच्या राजापेठेतल्या घरात असं होऊच शकत नाही. माझी आई भाजी आधी मिठाच्या पाण्यात बुडवते, मग खायच्या सोड्यात, मग नळाखाली चोळते. केळंसुद्धा धुते — सोलल्यावर.

तर, दोन हजार सहाचा उन्हाळा. कोपऱ्यावर नवी हातगाडी लागली होती. मागे मोर्शीकडचा एक उंच पोरगा. काकड्या सगळ्या सरळ, चकचकीत. एकच वाकडी निघाली, वर डाग. ती मी नाक मुरडून बाजूला फेकली.

"फवारणी करता का हो?" मी आईचा ठरलेला प्रश्न विचारला. यावर सगळे भाजीवाले देवाची शपथ घेतात.

"करतो ना. परवाच मारलं. नीट धुऊन घेजा, ताई."

मी हादरले. विषाचं एक वेळ चाललं असतं... पण ताई?

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्याचं नाव गोवर्धन. कापसानं तोंडघशी पाडलं म्हणून घरच्यांनी काकडी लावलेली.

"तुमीबी हेच खाता?"

"छ्या! आमच्यासाठी विहिरीजवळ येगळा वेल हाये. त्याले औषध नाही मारत."

"आन् आमी?"

"तुमी गिऱ्हाईक."

इतक्या शांतपणे माझा खून आजवर कुणी केला नव्हता.

"लाज नाही वाटत तुमाले?"

"वाटते ना. म्हणून काल त्या वेलाची एक आणली होती. पाहू, कोण घेते."

"मंग?"

"तुमीच फेकली."

त्यानंतर आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही. रोज जाऊन बोलले नाही.

मग एका संध्याकाळी त्यानं गमछ्यातून एक काकडी काढून माझ्या हातात ठेवली. वाकडी. डागाची.

"कितीले?"

"विकाची नाही." तो तराजूकडे बघत म्हणाला. "विहिरीजवळची हाये. घरच्यांची."

"मी त गिऱ्हाईक ना?"

"होत्या. आता... तुमीच सांगा."

त्याच्या बोलण्यातून ‘ताई’ गळाली होती. माझ्या कानांना ऊन लागलं — सूर्य मावळल्यावर.

"रागिणी!" फाटकातून आई आली, हातात सोड्याच्या पाण्याचं घमेलं. "आण इकडे ते! त्या वेड्यावाकड्या काकडीवर काय काय मारलं असंन!"

मी गोवर्धनकडे पाहिलं. तो रिकामाच तराजू तोलत होता. घमेल्यात टाकली, की मी जन्मभर गिऱ्हाईक.

मी कचकन चावा घेतला.

आईच्या हातून घमेलं सुटलं. सगळं पाणी गोवर्धनच्या पायांवर. लग्नात मुलीचे आईबाप जावयाचे पाय धुतात. आईनं आपला वाटा तिथंच उरकला, तोही सोडा घालून.

"कडू तर नाही ना?" गोवर्धननं घाबरून विचारलं.

"थोडी," मी म्हणाले. "चालते. घरचीच हाये."

प्रति, मा. जिल्हाधिकारी, अमरावती. महोदय, विहिरीजवळचा वेल एकच आहे आणि तो मला मिळाला. तरी जिल्ह्यातील उर्वरित सर्व गिऱ्हाइकांची सोयरीक शासकीय खर्चाने शेतकऱ्यांच्या घरी जुळवून द्यावी, ही नम्र विनंती.