रिकाम्या दालनातले विमान

नागपूरच्या नव्या प्रदर्शन-भवनाच्या मोठ्या दालनात डॉ. रेवा खानझोडे दोन बोटांत विमान धरून श्वास रोखून उभी होती. श्वास रोखणे भागच होते. विमानाचे वजन कागदी रुमालाहून कमी. पंखांवर साबणाच्या फुग्यासारखा पातळ पडदा आणि पोटाखाली पिळून बसवलेले केसाएवढे रबराचे धागे. तिच्या उच्छ्वासानेही ते तिरके झाले असते.

"सोड," घाटेसर म्हणाले.

पद्माकर घाटे वैमानिकी शास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घरात उडवायची रबरी विमाने हा त्यांचा जन्मभराचा नाद. रबर रेवाचे होते, विमान त्यांचे.

विमान निघाले, डावीकडे वळले, आणि सुरुवातीच्या जोरात इतके कलले की घसरत खालीच आले.

"प्रोपेलर उजवीकडे फिरतो, तर विमानाला डावीकडे पाडतो," सर स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी डाव्या पंखाची मागची कड चिमटीत धरून किंचित खाली वळवली. "डाव्या पंखाला थोडी जास्त उचल देऊ. सोड आता."

या वेळी चढण सुंदर साधली. छतापाशी प्रोपेलर मंदावला आणि विमान तरंगत उतरू लागले. पण मध्येच नाक वर करून थबकले, पडले, पुन्हा थबकले.

"नाक हलकं आहे. पंख मागे घ्यायचा."

सरांनी पंख नखभर मागे सरकवला, शेपटी जराशी तिरकी केली. विमान शांत, रुंद घिरट्या घेत उतरले. त्या उतरणीवरच सारे अवलंबून होते.

दालनाच्या तळघरात शहराचे विद्युत्कोठार होते. दिवसा गावभरच्या छतांवर तयार होणारी वीज तिथे साठवली जाई. तिथला अभियंता शकील अन्सारी चहाचा पेला घेऊन वर आला होता.

"मॅडम, काल हे विमान लोकांसमोर तासन्‌तास उडत होतं म्हणतात. चावी कोण देत होतं?"

"लोकच," रेवा हसली. "रबर तापलं की काय होतं?"

"ढिलं पडत असेल."

"सगळ्यांना तसंच वाटतं. ताणलेलं रबर तापलं की आणखी जोरानं ओढतं, आणि गार झालं की मऊ पडतं. साध्या रबरात हा फरक नगण्य असतो, आम्ही तो खूप वाढवलाय. आम्ही त्याला उष्माकर्षी रबर म्हणतो. खाली जमिनीलगत हवा उबदार असली की रबर जोर धरतं आणि विमानाला वर नेतं. वर छताला उष्णता बाहेर टाकणारा शीतलेप आहे, तिथे ते गार होतं. मग प्रोपेलरची पाती आपोआप उलट्या कोनात वळतात. उतरताना हवा त्यांना उलटी फिरवते आणि मऊ रबराला नव्यानं पीळ बसतो. खाली आलं की ते पुन्हा तापतं."

"म्हणजे फुकटची शक्ती?"

"फुकट काही नाही. काल दालन माणसांनी भरलं होतं. त्यांच्या अंगाची ऊब वापरून ते उडलं. आज दालन रिकामं ठेवणार. छताची गार हवा हळूहळू खाली येईल, खालीवर सगळं सारखं होईल, आणि विमान उतरेल. आमचं संशोधन तपासणाऱ्या समितीला तेच दाखवायचंय. काल उडलं ते बरोबर, हे सिद्ध करायला आज ते पडायला हवं."

घाटेसरांना ही भाषा आवडली नाही. आपले विमान पडावे म्हणून चाचणी घ्यायची, हे त्यांच्या पचनी पडत नव्हते.

विमान सोडून, दालन बंद करून तिघे काचेच्या सज्जात बसले. चित्रण सुरू झाले. पलीकडच्या छोट्या सभागृहात एका समाजाचा वधूवर मेळावा चालू होता. ध्वनिक्षेपकावरून मुलामुलींची शिक्षणे ऐकू येत होती.

पहिल्या काही फेऱ्यांत विमानाची चढण कमी कमी होत गेली. रेवाने मान डोलावली. मग चढण कमी होणे थांबले. जेवणाची वेळ आली तेव्हा विमान पुन्हा छताजवळ जाऊ लागले होते.

"बघ!" घाटेसर उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "रेवा, चाळीस वर्षं मी पंख इकडेतिकडे सरकवतोय. आज जमलं गं. असं जुळलंय की त्याला जवळजवळ काही लागतच नाही."

रेवाचा चेहरा उतरला होता.

"सर, ते उतरायला हवं होतं."

"उतरलं नाही, तर तुझा सिद्धान्त थोडा चुकला असेल. त्यात एवढं काय? हे त्याहून मोठं आहे."

"पंखाशेपटीची जुळणी कितीही चांगली असली तरी उष्णतेतल्या फरकाशिवाय ते उडूच शकत नाही. आणि आता ते मघापेक्षा जास्त चढतंय. म्हणजे खालून कोणीतरी ऊब देतंय." ती अन्सारीकडे वळली. "तुमच्या कोठारात काय चाललंय?"

अन्सारीने कोठाराचे आकडे दाखवणारा हातातला पडदा पुढे केला. "सगळं हिरवं आहे. तापमान नेहमीचंच."

"मापक कुठे बसवलेत?"

"गार पाण्याच्या नळ्यांत. पाणी वीज साठवणाऱ्या घटांमधून फिरून येतं, त्याचं..." तो बोलता बोलता थांबला.

"आणि पाणी फिरतच नसेल तर?"

"तर मापक तुंबलेल्या पाण्याचंच तापमान सांगत राहील, आणि घट आत तापत जातील," तो सावकाश म्हणाला.

रेवा दाराकडे निघाली. घाटेसर आडवे आले.

"दार उघडशील तर वारा शिरेल, सगळं उड्डाण वाया जाईल. पडद्यावर हिरवं दिसतंय ना? थोडा वेळ थांब."

"सर, बाजूला व्हा."

तिने दार अंगापुरते उघडले आणि आत सरकली. दालनाच्या मध्यभागी गुडघे टेकून तिने कोटा फरशीवर तळवा ठेवला. भर उन्हाने तापलेल्या अंगणावर संध्याकाळी हात ठेवावा, तशी फरशी लागली. मागोमाग आलेल्या घाटेसरांनीही वाकून हात लावला. त्यांनी वर घिरट्या घालणाऱ्या विमानाकडे पाहिले आणि दाराकडे वळले.

"मेळावा," ते म्हणाले. "आधी ती माणसं बाहेर काढ."

ते सोपे नव्हते. पंगती बसल्या होत्या. एक काका "निदान जिलबी तरी वाढू द्या" म्हणून अडून बसले. शेवटी घाटेसरांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि वर्गात ओरडत तसे ओरडले, तेव्हा उपवर मुलेमुली, आया, आत्या, वाढपी असे सगळे हातातल्या ताटांसकट मैदानावर आले. दरम्यान अन्सारीने वीज भरणे तोडले आणि आणीबाणीचे पाणी कोठारात सोडले. जिन्यावरून तो खोकत वर आला. खाली गोडसर, घशाला झोंबणारा वास येत होता.

दालनाची एक भिंत काचेची होती. मैदानातून विमान स्पष्ट दिसत होते.

बराच वेळ काहीच झाले नाही. लोक चुळबुळू लागले. कोणाच्या पिशव्या आत होत्या, कोणाचे औषध.

"अन्सारीसाहेब, आता तरी जाऊ द्या," मेळाव्याचे आयोजक म्हणाले.

अन्सारीने पडदा पाहिला. नवे पाणी वाहत होते, आकडे सर्वत्र नेहमीचे दिसत होते. त्याने रेवाकडे पाहिले.

रेवा काचेतून बघत होती. "चढण अजून वाढतेय. तुमचं पाणी सगळीकडे पोचत नाहीये."

अन्सारी क्षणभर घुटमळला. एका बाजूला शहराचे सगळे मापक, दुसऱ्या बाजूला रुमालाहून हलके खेळणे. तो आयोजकांकडे वळला. "कोणी आत जायचं नाही. आणखी मागे सरका."

लोक कुरकुरत कुंपणापर्यंत गेले असतील नसतील, तेवढ्यात जमिनीतून दबका धक्का आला. जिन्याच्या दारातून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि मघाशी ज्या पायऱ्यांवर माणसे उभी होती त्या झाकून गेल्या. ताटे खाली पडली. मग अग्निशमनाच्या गाड्या आल्या. पाण्याचे जाड नळ कोठारातल्या पाणी न पोचलेल्या कोपऱ्याकडे थेट सोडले गेले.

दुपार कलली. अग्निशमन दलाच्या प्रमुख बाईंनी विचारले, "खालचे मापक जळलेत. आत माणसं कधी पाठवू?"

अन्सारीने काचेकडे बोट केले. "ते उतरलं की."

त्यांनी आधी विमानाकडे, मग अन्सारीकडे निरखून पाहिले, आणि हुज्जत घातली नाही.

घाटेसर काचेपासून शक्य तितक्या जवळ, कुंपणाला धरून उभे होते. विमान कधीच उतरू नये म्हणून त्यांनी आयुष्य घालवले होते. आता त्यांचे ओठ हलत होते. रेवा जवळ गेली तेव्हा तिला ऐकू आले.

"उतर गं बाई. उतर आता."

फेऱ्या अरुंद होत नव्हत्या, डगमगत नव्हत्या. फक्त प्रत्येक वेळी छत थोडे अधिक दूर राहत होते. मग विमान माणसाच्या उंचीवर आले, गुडघ्याएवढे खाली आले, आणि एक लांब, निवांत घिरटी घेऊन फरशीला टेकले. प्रोपेलर एकदा हलला आणि थांबला.

बाईंनी हात वर करून पथकाला आत जायची खूण केली.

"समितीला काय लिहू, सर?" रेवाने विचारले.

घाटेसरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"उतरलं म्हणून लिही."