एका पायाचा मोजा

सिंधुबाईंचे ओठ निळे पडले होते. मोडलेल्या मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बऱ्या होत चालल्या होत्या. आज सकाळी अनिता सिस्टरने पोटात सुई दिली आणि थोड्याच वेळात त्यांचा श्वास कोंडला.

बारामतीच्या त्या खासगी रुग्णालयात बावडा गावाहून त्यांचे नातेवाईक जमले. अनिताला पोलिसांत द्यायचे, एवढेच त्यांचे म्हणणे. ती औषधांच्या खोलीत कडी लावून बसली होती.

डॉ. वैदेही अतिदक्षता विभागातून बाहेर आल्या. "फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. हृदयावर ताण आलाय."

"त्या सुईनंच!" मुलगा विशाल शर्टाला तळवे पुसत ओरडला.

विशाल आणि त्याचे वडील गेणूआबा यांना घेऊन वैदेही सिंधुबाईंच्या रिकाम्या खाटेपाशी गेल्या. अतिदक्षता विभागात आणले तेव्हा सिंधुबाईंच्या फक्त डाव्या पायात घट्ट मोजा होता. उजव्या पायाचा इथे उशाखाली सापडला. चादरीवर उजव्या बाजूलाच तेलाचा डाग होता.

"मोजा का काढला, गेणूआबा?"

"तिची पोटरी ठणकत हुती, डाक्टरीणबाई. सुजली बी हुती."

"कधीपासून?"

"काल सांजंपासनं."

"सिस्टरला सांगितलंत?"

"मणका मोडलेला, तितं पोटरीचं काय सांगायचं?"

"आणि तेल कुणी लावलं?"

गेणूआबा चादरीवरचा डाग हाताने झाकू लागले.

वैदेही वळल्या. "विशाल, तुझ्या शर्टावर तेच तेल आहे. कधी चोळलंस?"

"सुई दिऊन सिस्टर गेल्या, मंग." त्याचा आवाज उतरला. "घरी आमी असंच करतो. आईला बरं वाटतं."

"ऐक. माणूस अंथरुणाला खिळला की पायात रक्त साकळतं. ते टाळायलाच ती सुई आणि तो मोजा. तरीही कधी कधी गुठळी होते. पोटरी सुजली होती ती त्यामुळेच. जोराने चोळल्यावर गुठळी सुटली आणि हृदयातून फुप्फुसात गेली."

"म्हंजी म्या..."

"मोजा कशासाठी, हे तुम्हाला आम्ही नीट समजावायला हवं होतं. तुझ्या मायेत खोट नव्हती. पण अनिताची चूक नाही, हे बाहेर तुलाच सांगावं लागेल."

"आई वाचंल नव्हं?"

"प्रयत्न चालू आहेत. आज काही सांगता येत नाही."

विशाल बाहेर आला. सिंधुबाईंचे भाऊ कुंडलिकमामा औषधांच्या खोलीचे दार ठोठावत होते.

"मामा, सिस्टरची चूक न्हाय."

"मंग कुणाची?"

विशालने शर्टावरचा तेलाचा डाग मुठीत धरला.

"माजी," मागून आलेले गेणूआबा म्हणाले. "पाय म्या चोळला. त्यानंच तिचा दम कोंडला."

"आबा, गप बसा." विशालने त्यांना बाजूला सारले. "म्या चोळला, मामा."