फेरफटका

शनिवारी सकाळी दौलतगंजातल्या मराठी घरांत ‘दौलतगंज वृत्त’ पडायचं. चार पानांचं साप्ताहिक. कोणाकडे मुंज आहे, नळाला पाणी कधी येणार, उत्सवात कीर्तनाला कोण येणार, एवढंच त्यात असे. पण लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मधुसूदनरावांनी ते सुरू केलं, वनमालाबाईंनी त्यांच्या बरोबरीनं चालवलं.

दिवाळीच्या तोंडावर मधुसूदनराव गेले. दुपारी चहा घेता घेता मान कलली आणि संपलं. “आता पेपर बंद कर,” मुलगी बंगलोरहून म्हणाली. वनमालाबाईंनी ऐकलं नाही. पेपर बंद केला तर दिवसभर करायचं काय? फक्त मधुसूदनराव लिहीत ते ‘फेरफटका’ हे सदर त्यांनी काढलं आणि त्या चौकटीत साड्यांच्या दुकानाची जाहिरात लावली.

तो अंक निघाला त्याच दिवशी सराफा बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या महिपतरावांनी त्यांना हाक मारली.

“वहिनी, फेरफटका काय झकास उतरलाय! किला गेटचा तो तिळाची गजक विकणारा... हसून पुरेवाट झाली. जुना लेख होता का?”

म्हातारपण, असं मनाशी म्हणत त्या पुढे गेल्या. मग देवळात पुजाऱ्यानं तेच सांगितलं. भाजीच्या गाडीपाशी दोघी त्या गजकवाल्यावरच बोलत होत्या.

घरी येऊन त्यांनी अंक उघडला. चौकटीत साड्यांचीच जाहिरात होती.

शेजारच्या उषाताई त्यांची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. वनमालाबाईंनी अंक त्यांच्यापुढे धरला.

“उषा, इथे काय आहे?”

“अगं, फेरफटका! तूच तर छापलास.”

“वाच बरं.”

उषाताईंनी जाहिरातीवर बोट ठेवलं आणि वाचू लागल्या. वाक्य मध्येच सोडून ‘असो, चला पुढे’ म्हणायची ती ढब मधुसूदनरावांचीच. आणि गल्लीतला कडुलिंब पाडल्याचंही त्यात होतं. तो तर याच आठवड्यात पाडला होता.

वनमालाबाई तोंडाला पदर लावून रडल्या. सगळ्या मोहल्ल्याला त्यांचं लिहिलेलं दिसत होतं, फक्त वनमालाबाईंना नाही.

मग दर शनिवारी उषाताई येऊन वाचायच्या. वनमालाबाई डोळे मिटून ऐकायच्या. मधुसूदनराव सगळीकडे फिरत होते. बाड्याच्या चौकात, गल्ल्यांतून, लोकांच्या ओसरीवर.

“माझ्याबद्दल काही?”

“नाही गं.”

पुढच्या अंकात वनमालाबाईंनी जाहिरात काढली आणि चौकटीत एकच ओळ छापली : ‘अहो, सगळीकडे फिरता, मग घरी का येत नाही?’

शनिवारी उषाताई वाचता वाचता अडखळल्या.

“थांबलीस का? वाच ना.”

“लिहिलंय, ‘घरी रोज येतो. माझ्या टेबलाशी कोणी एक बाई बसलेली असते. केस पांढरे, डोळे सुजलेले. अंगावर वनमालाची शाल असते. वनमाला कुठे आहे, असं मी तिला रोज विचारतो. ती उत्तर देत नाही. वनमाला कोणाला दिसली तर कृपा करून मला कळवावं.’”

“अगं, मीच ती! मीच बसते तिथे!”

“हो गं, तूच,” उषाताई म्हणाल्या. पण घरी जाताना दारात वळून त्यांनी एकदा वनमालाबाईंकडे पाहिलं.

त्या आठवड्यात वनमालाबाईंनी चौकटीत आपला फोटो छापला. खाली लिहिलं, ‘ही मीच. तुमची वनमाला. नीट बघा हो.’

शनिवारी उषाताई आल्या नाहीत.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा वनमालाबाई स्वतःच निघाल्या. गल्लीत ओसऱ्यांवर लोक पेपर वाचत बसले होते. एकेक मान वर होई. महिपतराव समोरून आले. त्यांनी वहिनी म्हटलं नाही. अंग चोरून, वाट देऊन ते निघून गेले.

उषाताईंनी दार अर्धंच उघडलं. हातात पेपर होता. रडून रडून डोळे लाल झाले होते.

“उषा, आज काय लिहिलंय त्यांनी?”

उषाताईंनी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग अंगावरच्या शालीकडे. बराच वेळ.

मग दारी आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं त्यांनी विचारलं,

“तुम्ही आमच्या वनमालाची काही खबर आणलीत का?”