सरका, चिमाबाई बसतीय

गेणूबाबा त्या दिशी जीप घेऊन नारायणगावला गेला, ते नुसता फ्यूजचा डबा बदलायला. यात भ्यायचं काय, असं तुमी म्हणाल. म्हणा. मी बी तसंच म्हणलो व्हतो.

जीप म्हातारी, गेणूबाबाच्या बरोबरीची. डिंभ्याच्या धरणाच्या वरल्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. तिथनं घोडेगावला माणसं न्यायची आन् आणायची, सव्वीस वरसं त्यानं हेच वडाप केलं. बसायला जागा ऱ्हायली नाय की बाबा आरशात बघून म्हणायचा, "सरका रं, अजून एक सीट बसतीय." सरकत कुणीच नव्हतं, पण जागा व्हायची. कशी व्हायची ते त्या जीपलाच ठावं.

फ्यूजचा डबा स्टेरिंगच्या खाली. झाकण कवाच गेलेलं. फ्यूज जळाला की बाबा वायरीतली तार काढून गुंडाळायचा, तार नसली तर चॉकलेटची चांदी. वायपर लावला की लाईट जायची, खड्डा आला की हॉर्न आपोआप वाजायचा. पयल्यांदा त्याची मजा वाटायची. आता सत्तरी आली, गुडघे बोलाय लागले, दर खेपेला वाकून डब्यात बोटं घालायचा कंटाळा आला. खरं सांगायचं तर सगळ्याचाच कंटाळा आलता.

पण पोरगी उज्ज्वला पयल्या बाळंतपणाला माहेरी आलती. दिवस भरत आलते. आन् श्रावणात त्या डोंगरात भर दुपारी धुकं असं उतरतं का स्वताचा हात दिसत नाय. वाडीत फोनला रेंज नाय. गाडी म्हणली तर ही एकच. लंकाबाई, म्हणजे बाबाची बायको, चुलीपुढनं म्हणली, "जगाला हसवलं तेवढं पुरं झालं. पोरगी येळंवर खाली पोचली पायजे. डबा बदला."

म्हणून नारायणगाव. तिथं सोपान म्हणून वायरिंगवाला, हाताचा हुशार. त्यानं डबा उपसला आन् नाक मुरडलं.

"बाबा, ही जीप आजवर पेटली कशी नाय?"

"माझ्या धाकानं."

सोपाननं एकेक वायर वढली. वढता वढता सीटखाली हात घातला आन् थांबला. "हे बटण कशाचं?"

गेणूबाबा हसला. लई दिवसांनी हसला. घाटात चाफ्याचं वळण हाय. तिथं आलं की बाबा ते बटण हळूच दाबायचा. झटदिशी लाईट गुल. आतली माणसं गप. मंग बाबा घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "सरका, चिमाबाई बसतीय." बाया किंचाळायच्या, एकमेकीच्या अंगावर पडायच्या. बाबा बटण सोडायचा, लाईट यायची, आन् घोडेगाव येस्तवर शिव्या आन् हसणं.

सोपाननं बटण उपटून हातावर घेतलं. मागनं वीतभर वायर लोंबत व्हती, टोकाला हिरवी पडलेली.

"याची वायर तर उंदरानं खाल्लीय. पाच-सहा वरसं झाली असतील. हे दाबून कायच व्हत नसणार."

"व्हतं की. परवाच दाबलं."

"आन् लाईट गेली?"

"गेली."

"सोडल्यावर आली?"

बाबानं मान हलवली.

"डबाच भिकारडा, दुसरं काय," सोपान म्हणला, पण त्यानं बटण जरा लांब ठेवलं. मंग चिमट्यानं एक तांब्याचं येटाळं काढलं. "आन् ही कुणाची अंगठी लावलीय फ्यूजला?"

बाबानं तोंड फिरवलं.

अंगठीच व्हती ती, चिमाबाईची. वाताला चांगली म्हणून वाडीतली ही म्हातारी बोटात तांब्याची तार घालायची. नऊ वरसांमागं, असंच धुकं, आन् चाफ्याच्या वळणाला लाईट गेली. बाबाकडं तार नाय. चिमाबाई खाली उतरली, बोटातली तार काढली आन् म्हणली, "घे गेणू, लाव." बाबानं लावली. लाईट आली. म्हातारी परत चढाय गेली, तर बाबानं गाडी दहा पावलं पुढं घेतली. आतली माणसं हसली. ती हात वर करून पळत आली. बाबानं अजून दहा पावलं घेतली. सगळे वडापवाले करत्यात ही गंमत. पाच-सहा डाव झालं. मंग धुक्यात ती दिसंना. मागची गाडी घील, असं म्हणून बाबा गेला. मागं गाडी नव्हती. तिसऱ्या दिशी गुराख्यांना ती वळणाच्या खाली दरीत दिसली. हात तसाच वर.

पुढच्याच वरसी बाबानं ते बटण बसवलं. लोक हसत असली म्हंजे इचारत नायत.

"टाकू का हिला?" सोपाननं इचारलं.

"टाक."

तार भंगाराच्या डब्यात पडली. नवा डबा लई देखणा. रंगीत फ्यूज, वर झाकण. बाबाला वाचायचा वांधा, म्हणून सोपाननं रंगावर शिकवलं. निळा लाईटचा, तांबडा हॉर्नचा. शेवटची एक जागा मोकळी.

"ही स्पेअर. हितं कायच जोडलेलं नाय."

"रिकामी सीट म्हण की," बाबा म्हणला. सवयीनं म्हणला.

चौथ्या दिशी, दुपारची भाकर खाताना, उज्ज्वलानं भिंत धरली.

धुकं दारात आलतं. लंकाबाईनं पोरीला मधल्या सीटवर निजवली, डोकं मांडीवर घेतलं. बाबानं लाईट लावली. अशी लाईट त्या जीपला कवाच नव्हती, धुक्यात दोन पांढरे खांब उभे केल्यावानी. ओल्या मातीचा वास, इंजनाची घरघर, आन् मागनं पोरीचं कण्हणं. दुसरं काय नाय.

चाफ्याचं वळण आलं. बाबाचा हात आपसूक सीटखाली गेला. बटण नव्हतं. लाईट गेली नाय. बाबानं दम सोडला... आन् समोर बघितलं.

उजेडाच्या टोकाला कुणीतरी उभं. हिरवं लुगडं, हात वर.

बाबानं गाडी हळू केली. दहा पावलांवर आला, तर ती पुढं दहा पावलं. अजून जवळ गेला. अजून पुढं. पळत नव्हती, चालत बी नव्हती. नुसती पुढं असायची. बाबाच्या ध्यानात आलं, आजवर ह्या वळणाला लाईट का जायची ते. ती त्याला दिसू नये म्हणून जात आसंल... का तिलाच त्याची दया येऊन.

"थांबू नका वं," लंकाबाई मागनं. "पोरीचं अंग गार पडाय लागलंय."

"रस्ता देत नाय ती."

"कोण?"

बाबानं ब्रेक लावला. धुक्यातली बी थांबली. त्यानं मागं हात घालून मधल्या सीटचं दार आतनं उघडलं. गार हवा आत आली, तिच्यात म्हातारीच्या तंबाखूचा आन् चुन्याचा वास.

"चिमामावशे," बाबा म्हणला, "चुकलं माझं. ये... बस. पोरीला तेवढं पोचू दे." आन् मागं न बघता म्हणला, "सरका. चिमाबाई बसतीय."

"लाज वाटू द्या कायतरी," लंकाबाई रडकुंडीला आली. "आबा, नका ना..." उज्ज्वला पुटपुटली.

"गंमत नाय करत गं. सरक."

चाळीस वरसांच्या संसारात त्याचा असा आवाज लंकाबाईनं ऐकला नव्हता. ती पोरीला घेऊन सरकली.

मागचं स्प्रिंगचं पाटं करकरलं. जीप एका अंगाला जराशी बसली. दार लागलं. कुणी लावलं ते बाबानं बघितलं नाय. समोरचा रस्ता मोकळा व्हता.

घोडेगावच्या दवाखान्यात पोरगी झाली. अर्धा तास उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या, असं डॉक्टरीण म्हणली. लंकाबाईनं हात जोडले. बाबा भायेर जाऊन जीपच्या फूटबोर्डावर बसला आन् तिथंच झोपला, इतका दमला व्हता.

उठल्यावर त्यानं डब्याचं झाकण उघडलं. निळा व्हता, तांबडा व्हता. शेवटच्या मोकळ्या जागंत तांब्याचं येटाळं.

त्यानं सोपानला फोन लावला. "ती तार तू परत लावली का?"

"कुठली? ती तर हितं भंगारात हाय. थांबा, बघतो..." लई येळ नुसता खडखडाट ऐकू आला. मंग सोपान म्हणला, "बाबा, नाय दिसत."

बाळंतपणाच्या पाचव्या दिशी माघारी निघाले. उज्ज्वला तान्हीला घेऊन पुढं बसली. मधल्या सीटवर लंकाबाई एकटी, पायाशी कपड्यांची पिशवी. चांगलं ऊन पडलं व्हतं. चाफ्याच्या वळणाला बाबानं गाडी थांबवली, खाली उतरून मधल्या सीटचं दार उघडलं आन् बाजूला उभा ऱ्हायला.

"उतर मावशे," तो हळूच म्हणला. "आलं तुझं ठिकाण."

पानं हलत व्हती. गाडी हलली नाय. बाबानं बराच येळ वाट बघितली, मंग दार लावलं आन् परत स्टेरिंगवर बसला.

आरशात बघितलं तर लंकाबाई सीटच्या अगदी कडंला, अर्धी अधांतरी, दांडी धरून बसलेली. सगळी सीट मोकळी.

"अगं, आत सरक की. वळणावर पडशील."

लंकाबाई पेंगत व्हती. तिनं डोळे बी उघडले नायत.

"कुठं सरकू," ती म्हणली. "जागा हाय का हितं?"