एक ठोका

माझ्या भावाला, थर्मनला, तुम्ही मारलंत. कोर्टात मी हे बोलले तेव्हा न्यायाधीशांनी मला खाली बसवलं. इथे, छापील कागदावर, मला खाली बसवणारं कुणी नाही. तुमचं नाव लिहीत नाही. कंपनीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, नदीकडे तोंड करून कोण बसतं, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि तुम्ही हे वाचणार, तेही मला ठाऊक आहे. ऑक्टोबरपासून थर्मनबद्दल छापून आलेली ओळ न् ओळ तुम्ही मागवून घेता, असं तुमच्याच मजल्यावर झाडलोट करणारी बाई मला चर्चच्या पायऱ्यांवर म्हणाली.

आमच्या गावात दोघांना नावं ठेवायची नसतात, आईला आणि बगळ्याला. बगळा म्हणजे कंपनीच्या गाडीच्या नाकावरचा तो चांदीचा पक्षी. कंपनीचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर, बाकी सगळीकडे बगळा. आजोबा आर्कन्सासमधला कापूस सोडून मिशिगनला आले ते बगळ्याच्या भट्टीवर. वडील बगळ्याच्या रंगखात्यात खोकत खोकत रिटायर झाले. मी सीटा शिवल्या, धाकट्या थर्मनने दारं बसवली. युनियन हॉलच्या आवारात बगळ्याखेरीज दुसरी गाडी लावायची नाही, असा दंडकच. एकदा नवे पाद्रीबाबा जपानी गाडी घेऊन आले. प्रार्थना सांगून बाहेर पडतात तो चारी चाकं बसलेली. कुणी केलं ते सगळ्यांना माहीत होतं आणि वाईट कुणालाच वाटलं नाही. आमची मयतसुद्धा बगळ्यातूनच जाते. थर्मनचीही तशीच गेली.

बगळ्याचं जगात नाव झालं ते दारामुळे. दार लावलं की धप्प. पत्र्याचा खणखणाट नाही, कुरकुर नाही. धान्याचं पोतं गादीवर टाकावं तसा आवाज. ‘दार लागलं, काळजी मिटली’ ही जाहिरात आमच्या आईला प्रार्थनेसारखी पाठ होती. तो धप्प बसवणाऱ्या हातांपैकी एक हात थर्मनचा. बिजागरी आवळायची, रबरी हातोड्याने कड ठोकून बसवायची, दार लावायचं आणि मान वाकडी करून ऐकायचं.

गाड्या जोडायच्या लाइनवर इतका गोंगाट की ओरडून बोलायची सोय नाही. म्हणून दारवाल्यांची एक जुनी रीत होती. काम झालं की बोटं वाकवून टपावर ठोकायचं. दोन ठोके म्हणजे झाली, जाऊ दे. एक ठोका म्हणजे बाजूला ठेव, हिच्याकडे परत बघायचंय. पुढचा माणूस पत्र्याला तळवा लावून उभा असे. ठोका त्याला कानापेक्षा हातात आधी कळे.

मग बगळ्याची नवी गाडी आली, टॅनेजर. गाडी देखणी होती, पण तिच्या दारात तुम्ही नवं, स्वस्तातलं लॉक घातलंत. एरवी छान चाले. गाडीला बाजूने गचका बसला की मात्र आतलं हँडल मेलेल्या माशासारखं हातात लोंबायचं, दार उघडायचं नाही. थर्मनने पहिल्या टॅनेजरवर एक ठोका दिला. दुसरीवर एक. तिसरीवर एक. बाजूला ठेवायला जागा उरेना, तशी लाइन थांबली आणि फोरमन धावत आला. फोरमन म्हणजे स्टॅश डोम्ब्रोस्की, पोलिश, तोंडाने फटकळ, मनाने बरा. थर्मनच्याच बरोबरीने लागलेला.

“थर्मन, दुसऱ्या ठोक्याला बोट दुखतं का तुझं?”

“दुसरा ठोका या दाराने कमावलेला नाही.”

“वरून सांगितलंय, पास करा.”

“मग वरच्यांना खाली बोलाव. त्यांनी ठोकावं.”

वरचे खाली आले नाहीत. थर्मनच्या हातात खराटा आला. उरलेली नोकरी त्याने आवारातलं बर्फ लोटण्यात काढली.

आणि तरीही त्याने गाडी घेतली ती टॅनेजरच. मी म्हटलं, “अरे, तुला सगळं माहीत असून?”

“मग काय जपानी घेऊ? हॉलमध्ये तोंड दाखवायचं नाही का मला?” तो हसला. “घरचं आहे, ताई. घरच्याच्या खोडी सांभाळून घ्यायच्या असतात.”

आम्ही असेच आहोत. हा मूर्खपणा दुसऱ्या कुठल्या गावात कुणी करणार नाही. तुम्हाला तो पुरता ठाऊक आहे, शंभर वर्षं तुम्ही त्याच्यावरच जगलात.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं तेव्हा चर्चहून परतताना त्याची गाडी घसरली आणि रस्त्याकडेच्या ओढ्यात कुशीवर बसली. ओढा माणूस बुडेल असा नव्हताच. पण वरून बर्फाचं पाणी येत होतं, आणि येत राहिलं. थर्मनला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर कातडी नव्हती.

पुढच्या वसंतात खटला उभा राहिला. कारखान्याचे मॅनेजर व्हिटकॉम्ब शपथेवर म्हणाले, थर्मन प्यायचा. माझा भाऊ, जो चर्चमध्ये प्रसादाचा द्राक्षरसही ओठाला लावून खाली ठेवायचा. मग तुमचे इंजिनियर लिंडक्विस्ट यांनी त्याच गाडीचं दार कोर्टात आणलं, हँडल ओढून उघडलं, लावलं. धप्प. ज्युरीतल्या पंचांच्या माना खुशीत हलल्या. शेवटी मिसेस बियालेक, ओढ्यालगत राहणारी म्हातारी, साक्षीला आली.

“ठोकल्याचा आवाज येत होता मला,” ती म्हणाली. “एकदाच वाजायचं. मग कितीतरी वेळ काही नाही. मग परत एकदा. मला वाटलं सुतारपक्षी आहे.” आणि रुमाल तोंडावर धरून रडायला लागली.

मी स्टॅशकडे बघितलं. तो खाली बघत होता. तुम्ही पहिल्या बाकावर घड्याळ बघत होतात. निकाल लागला: दार चांगलं होतं, माणूस दारुडा होता. थर्मनच्या नावापुढे तेवढंच उरलं. मला तुमचे डॉलर नकोत. मला ते नाव धुऊन हवंय.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी स्टॅश माझ्या ओट्यावर येऊन बसला. बायकोने दिलेला कोबीच्या गुंडाळ्यांचा डबा त्याने मांडीवर धरून ठेवला होता. मला द्यायचं विसरला.

“व्हर्लीन, लाइनवर काहीतरी वाजतंय.”

“म्हणजे?”

“दार लावलं की आतून ठोका येतो. सीट नाही, इंजिन नाही, नुसता सांगाडा. त्याच्या आतून.”

“किती ठोके?”

त्याने एक बोट वर केलं. “प्रत्येक टॅनेजरला.”

“मग ठेवता बाजूला?”

“जाऊ देतो. व्हिटकॉम्ब म्हणतो, पत्रा थंड होताना वाजतो.”

“पत्र्याला बरी आपली रीत कळली.”

स्टॅश हसला नाही. “मी तळवा लावून बघितलं,” तो म्हणाला. “पत्रा ओला होता.”

ऑगस्टमध्ये व्हिटकॉम्ब गेले. भर दुपारी, स्वतःच्या घरासमोर, स्वतःच्या टॅनेजरमध्ये. बायको आत जेवणाची पानं मांडत होती. गाडी बंद, दारं उघडी, म्हणजे लॉक नव्हतीच. पोलिसाने एका बोटाने दार उघडलं. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. त्या आठवड्यात पावसाचा थेंब नव्हता, पण त्यांचे कपडे छातीपर्यंत भिजलेले होते आणि बुटांत चिखल होता. सीट कोरडी होती. उजव्या हाताचं मी सांगायला नको.

मला आनंद झाला. तो मी लपवत नाही. रताळ्याचा केक भाजला आणि स्टॅशच्या घरी नेऊन दिला. त्याने खाल्ला नाही, पण परतही केला नाही.

मग लिंडक्विस्ट. कंपनीच्या चाचणी मैदानावर, टॅनेजरमध्येच, जेवणाच्या सुट्टीत, बाकावर सँडविच खात बसलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोर. ठोका त्यांना ऐकू आला. कुठेतरी दुरुस्ती चालली असेल असं वाटलं त्यांना. लिंडक्विस्ट हुशार, व्हिटकॉम्बचं ऐकल्यापासून गाडीत हातोडी ठेवायचे. हातोडी त्यांच्या मुठीत होती. काचेवर ओरखडा नव्हता.

ऑक्टोबरात कंपनीची शंभरी झाली. जुन्या कामगारांना आमंत्रणं होती, स्टॅश मला बरोबर घेऊन आला. मी मयतीला घातलेलाच काळा पोशाख घातला. तुमच्या संग्रहालयाच्या दालनात, गालिच्यावर, लाइनवरून उतरलेली पहिली टॅनेजर उभी होती. दाराशी उभ्या काठीवर माइक लावलेला. पाहुण्यांना तो जगप्रसिद्ध आवाज ऐकवायचा होता.

“चल, निघू या,” स्टॅश माझ्या कानाशी म्हणाला.

“बस.”

तुम्ही भाषण केलंत. बगळ्याची इमानदारी, बगळ्याचं घराणं. बगळा एका पायावर उभा राहतो तो ध्यानाला नव्हे, माशाला, हे आम्हाला आता कळलंय. मग तुम्ही गाडीत बसलात, हसून हात हलवलात आणि दार ओढून घेतलंत.

धप्प. टाळ्या पडल्या.

तुम्ही हँडल ओढलंत. हसत होतात. परत ओढलंत.

टाळ्या विरल्या. माइकमधून बारीक खळखळ यायला लागली, दगडांवरून पाणी जावं तशी.

पहारेकऱ्यांनी बाहेरून दार खेचलं. एकाने खुर्ची काचेवर घातली. खुर्चीचा पाय मोडला.

तेवढ्यात तुम्ही मागे वळलात. कुणीतरी खांद्याला हात लावल्यावर माणूस वळतो, तसे. मागची सीट रिकामी होती. मी सहाव्या रांगेत होते, मला नीट दिसत होतं.

तुमचे ओठ हलले. थांबले. तुम्ही ऐकत होतात.

तुम्ही मान हलवलीत, नाही म्हणून. खळखळ वाढली. तुमची हनुवटी वर उचलली गेली, पाणी गळ्याशी आल्यावर उचलतात तशी.

मग तुम्ही काहीतरी बोललात. लांबलचक नव्हतं. चार-पाच शब्दांचं असेल.

माइकमधून ठोका आला.

एकच.

दार आपोआप उघडलं. तुम्ही गालिच्यावर उतरलात आणि गालिचा पचपचला. स्टॅशने माझं मनगट धरलं होतं. “एकच होता ना?” तो म्हणाला. “व्हर्लीन, एकच होता ना?”

दुसऱ्या दिवशी तुम्ही पत्रकारांना हसत सांगितलंत, जुन्या लॉकचं तेल सुकलं होतं. थर्मनबद्दल अवाक्षर नाही.

आता ऐका. व्हिटकॉम्बना दार उघडलं नाही. लिंडक्विस्टना उघडलं नाही. तुम्हाला उघडलं. माझा भाऊ फुकटात कुणाला पास करणारा नव्हता. म्हणजे तुम्ही त्याला शब्द दिलात. तो शब्द तुम्ही बाहेर आल्यावर गिळलात. पण आमची रीत तुम्हाला कुणी शिकवली नसेल, म्हणून सांगते. दोन ठोके पडले असते तर तुम्ही सुटला असतात. एक ठोका म्हणजे बाजूला ठेव. परत बघायचंय.

तुम्हालाही ते कळलंय बहुतेक. काल तुमची गाडी युनियन हॉलवरून गेली. जानेवारीची थंडी, बर्फ आडवं पडत होतं, आणि तुमच्या गाडीच्या चारही काचा खाली होत्या. मागच्या सीटवर तुम्ही अंग चोरून एका कडेला बसला होतात. शेजारच्या जागेवर कुणी नव्हतं. तिथला पट्टा मात्र ओढून, नीट लावलेला होता.

आत तुम्ही त्याला काय कबूल केलंत? त्याने ऐकलंय. आम्हालाही ऐकायचंय. बोला.