दुसरा संदर्भ

लायब्ररीची लिफ्ट बंद पडली नसती, तर ही गोष्ट घडलीच नसती. आणि ती लिफ्ट तरी अशी, की तिला नेमकी रविवारीच रुसायची हौस!

त्या रविवारी वरच्या मजल्यावर ती शिकवत होती. ऑनलाइन ज्ञानकोशात हौसेने लिहायला येणाऱ्या नव्या संपादकांना ती धडे द्यायची... माहिती कुठून घ्यायची, खाली संदर्भ कसा द्यायचा, दुसऱ्याचा मजकूर का उचलायचा नाही. वर्गातली मंडळी तिला पाठीमागे ‘गाळणी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

“लिफ्ट झाली,” दारातून आवाज आला. हातात पाना, कपाळावर ग्रीसचा डाग. फळ्याकडे बघत तो तिथेच घुटमळला. “इथे... कुणाबद्दलही लिहिता येतं?”

“ज्यांच्याबद्दल आधी कुणीतरी छापलंय, त्यांच्याबद्दल.”

“मग माझ्या आत्याबद्दल येईल. बाजारभर तिची अक्षरं आहेत.”

पुढच्या रविवारी लिफ्टवाला चापूनचोपून भांग पाडून हजर. त्याची आत्या दुकानांच्या पाट्या रंगवायची. उभा जन्म शिडीवर गेला, आणि त्या शिडीच्या जिवावरच तिने या पोरक्या भाच्याला लहानाचं मोठं केलं. आता तिची दृष्टी मंदावत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर तिने आपल्यावरचं पान डोळ्यांनी वाचावं, एवढंच त्याला हवं होतं.

पहिला मसुदा त्याने मोठ्या झोकात लिहिला. गाळणीने तो चहा निवायच्या आत गाळला.

“हा परिच्छेद व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेतला आहे. जसाच्या तसा.”

“पण खरा आहे!”

“खरा असेल. तुमचा नाही.”

“आणि फोटो?”

“पेपरातला. तो ज्याने काढला त्याचा. तुम्ही स्वतः काढा की! मग तो तुमचा, आणि हवा तर सगळ्यांना वापरायला मोकळा करा.”

“तुम्ही घरीपण अशाच बोलता?”

“घरी ऐकायला कुणी नाही.”

“अरेरे,” तो म्हणाला. पण चेहऱ्यावर दुःख काही दिसलं नाही.

ज्ञानकोशात कच्चं लिखाण करायला प्रत्येकाला एक जागा असते, तिला धूळपाटी म्हणतात. तिथे त्याने सगळं स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून काढलं. आत्याचा फोटोही स्वतः काढला. त्यात ती कॅमेऱ्याला दटावत होती.

एका संध्याकाळी तो गाळणीला बाजारात घेऊन गेला. औषधांचं दुकान, कुलपांचं, शिंप्याचं... प्रत्येक पाटीवर आत्याची ती डौलदार वेलांटी.

“हा पुरावा नाही?”

“आपण पाहिलेलं चालत नाही. छापलेलं लागतं,” ती म्हणाली. वर बघून बघून मान अवघडली होती, तरी घरी जावंसं वाटत नव्हतं. तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली, आणि दोघं शिंप्याच्या पाटीखाली सरकले. जागा कमी होती. त्याच्या बाहीला साबणाचा आणि थोडासा ग्रीसचा वास येत होता.

“एक सांगू?” तो रस्त्याकडे बघत म्हणाला. “मला तुम्ही आवडता.”

तिच्या जिभेने नको तेव्हा वर्ग घेतला... “एका संदर्भावर भागत नाही हं. दुसरा आणा.”

तिला वाटलं, तो हसेल आणि पुन्हा म्हणेल. मग ती हो म्हणणारच होती. तो हसला. पुन्हा मात्र म्हणाला नाही. तिची थट्टाही त्याने तिच्या बाकीच्या नियमांसारखी मनावर घेतली.

जुन्या पेपरांच्या फायली चाळून दोघांना आत्यावरचा एक लेख मिळाला. स्मरणिका ओळखीच्या मंडळींनी काढलेली, म्हणून ती धरता येत नव्हती. पान पक्कं व्हायला आणखी एक हवा होता आणि तो काही सापडेना.

“आत्याला धूळपाटीच दाखवू का? तेवढ्यापुरती?” त्याने विचारलं.

“कच्चं काम कुणाला दाखवतात का? थोडं थांबा. झालं की ऐटीत दाखवा.”

असा नियम कुठेही नव्हता. तो तिचा स्वतःचा काटेकोरपणा होता. पण त्याने निमूटपणे मान डोलावली.

दुसरा संदर्भ अखेर मिळाला. ओळखदेख नसलेल्या एका वार्ताहराने लिहिलेला, नाव ठेवायला जागा नाही असा. मथळा होता, ‘पाट्या रंगवणाऱ्या बाईंची दृष्टी गेली’.

गाळणीने तो संदर्भ जोडला, पान पक्कं केलं आणि लॅपटॉप घेऊन तडक त्याचं घर गाठलं. आत्या खुर्चीत बसली होती. अंगठा खुर्चीच्या हातावर अक्षरं गिरवत होता.

“गाळणी ती तूच का गं? वाच बघू.”

तिने वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

“अक्षर कसलं आहे?” आत्याने विचारलं.

“कॉम्प्युटरचं, आत्या. सगळ्यांना तेच असतं.”

“असू दे. दोन अक्षरांमध्ये जागा नीट सोडलीय ना?”

“हो.”

आत्या समाधानाने हसली. मग भाच्याच्या दिशेने वळली. “हे लिहिलंस कधी रे?”

“झाले बरेच दिवस.”

“मग मला दिसत होतं तेव्हा का नाही दाखवलंस?”

त्याने गाळणीकडे एकदाच पाहिलं. “राहून गेलं, आत्या.”

तिने तिथेच बोलायला हवं होतं. तिने फक्त लॅपटॉप मिटला.

फाटकापाशी मात्र तिला राहवलं नाही. “मी अडवलं होतं, हे का सांगितलं नाहीत?”

“तिला तुम्ही आवडलात. राहू दे तसंच.”

“आणि तुम्ही? रागावलात?”

“राग नाही हो. पण तुम्हाला पाहिलं की तेच आठवतं. काय करू मी?”

“मला तुम्ही आवडता,” ती भडाभडा बोलून गेली. “शिंप्याच्या पाटीखालीसुद्धा... तेव्हाही आवडत होतात.”

तो फाटकाची कडी चाळवू लागला.

“तेव्हा एवढंच म्हणाला असतात ना,” तो हळूच म्हणाला, “तर मी दुसरा संदर्भ मागितला नसता.”

मग तो आत गेला. आत्याच्या चहाची वेळ झाली होती.

लायब्ररीची लिफ्ट अजूनही रुसते. दुरुस्तीला आता दुसराच कुणी येतो. ती अजूनही रविवारी शिकवते, तितकीच काटेकोर. फक्त पहिल्याच दिवशी फळ्याकडे पाठ करून सांगते, “कुणासाठी लिहीत असाल, तर धूळपाटी आजच त्यांना दाखवा.”

“हा नियम आहे का?” कुणीतरी वही उघडून विचारतं.

“नाही,” ती म्हणते. “पण दाखवा.”