वर बांधलेली दोरी

“आजपासून या कारखान्यात चूक होणं अशक्य आहे!” सकाळची कवायत आटोपल्यावर कारखान्याचे प्रमुख कुवाबारासाहेब यांनी माइकवरून जाहीर केलं, आणि व्यासपीठावरून उतरताना त्यांची पायरी चुकली.

टाळ्या मात्र थांबल्या नाहीत. जपानातल्या ओकाझाकी गावची माणसं सभ्य.

जेवणाच्या सुट्टीआधीच सुधारणा विभागाच्या मिझोगुचीबाईंचा फोन वाजला. पलीकडे कुवाबारा. माइक नसला की त्यांचा आवाज फार बारीक येई.

“बाई, खाली या. दोरी गेली.”

“गेली म्हणजे? चोरीला?”

“नाही हो. वर गेली.”

दोरी खरोखरच वर गेली होती. मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या जिथे जोडल्या जात, तिथे ती रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताशी लोंबत असे. सदोष नग दिसला की ज्याला दिसला त्याने ओढायची. घंटी वाजे, काम थांबे, मुकादम ताकेई धावत येत, आधी “थांबवल्याबद्दल आभार” म्हणत आणि मग काय झालं ते विचारत. हा इथला धर्म. तीच दोरी कोणीतरी छताखालच्या पाइपला बांधून टाकली होती. टोकसुद्धा लोंबू नये म्हणून त्यावर पट्टी चिकटवली होती. अंगदुखीवरची, कापराच्या वासाची.

दरम्यान वाकड्या खिळीच्या बिजागऱ्यांची एक अख्खी खेप ट्रकने रवाना झाली होती. ट्रक वाटेतून परत फिरवला, पण मोटार कंपनीला उत्तर हवं होतं.

“संध्याकाळपर्यंत दोषी माणसाचं नाव द्या,” कुवाबारा म्हणाले, “नाहीतर ताकेईंना घरी पाठवावं लागेल. रांग त्यांची. शिवाय निवृत्तीनंतर पुन्हा घेतलेला माणूस, पाठवायला सोपा.”

ताकेईंना घरी करमत नाही, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

खांबाशेजारी जमिनीवर पिवळी चौकट आखलेली होती. ती स्टुलाची जागा. स्टूल तिथेच होतं, पण त्याचा एक पाय चौकटीबाहेर आला होता. या कारखान्यात हा जवळजवळ रक्ताचा डाग.

चौकशी चहाच्या खोलीत सुरू झाली. पहिला आला ओनोदेरा, दाराच्या चौकटीला नमस्कार केल्याशिवाय आत येऊ न शकणारा उंच गडी.

“दोरी तू बांधलीस?”

“हो.”

“कशी?”

“हात वर करून.”

“स्टूल घेतलंस?”

“मला कशाला लागतंय स्टूल?”

“बरं. का बांधलीस?”

ओनोदेरा घुटमळला. “ते अजून ठरवलं नाही.”

“मग कबुली कशाची देतोस, बाबा?”

“कवायतीहून आलो तेव्हाच ती वर दिसली, बाई. वाटलं, तुमची नवी सुधारणा असेल. वाकडी खीळ हातात आली, सवयीने हात गेला, दोरी नाही. नग पुढे सोडला. अपराध माझाच.”

बाकीच्यांनीही रांगेने कबुल्या दिल्या. दोरी सगळ्यांनी पाहिली होती आणि सगळ्यांना ती सुधारणाच वाटली होती. गुन्हेगार सापडत नाही अशी प्रकरणं मिझोगुचीबाईंनी ऐकली होती. इथे निरपराध सापडेना.

मग कुवाबारासाहेब.

“आज कारखाना बघायला पाहुणे येणार होते, साहेब. काम एकदाही थांबलं नसतं तर तुमची शान वाढली असती.”

“असती ना,” कुवाबारा ओशाळले. “पण मी चढणार कशावर?”

“स्टुलावर.”

“आपल्याकडे स्टूल आहे?”

रोज ते त्याच्या बाजूने जात.

ताकेई भिंत धरत आले.

“मीच बांधली. नाव लिहा, मोकळं करा.”

“पट्टी तुमची?”

“वास घ्या. माझीच.”

“स्टुलावर कसे चढलात?”

“चढलो.”

“आत्ता या खुर्चीत बसताना तुम्ही आईला हाक मारलीत!”

“ती सवय आहे.”

एवढ्यात नागायाकाकू चहा घेऊन आल्या. रांगेतल्या सर्वांत बुटक्या आणि सर्वांत जुन्या. त्यांनी कप ठेवले, खिशातून पट्टी काढली आणि न विचारता ताकेईंच्या गुडघ्यावर चिकटवली.

“कालची सुकली असेल,” त्या म्हणाल्या.

“काकू, चौकशी चालू आहे.”

“चालू दे की. गुडघ्याला काय त्याचं?”

मिझोगुचीबाईंनी चहा तसाच ठेवला आणि सगळ्यांना रांगेजवळ बोलावलं.

“ज्याने दोरी बांधली त्याला स्टूल लागलं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे ओनोदेरा नव्हे. साहेबांना स्टूल आहे हेच ठाऊक नाही. ताकेईंना खुर्चीत बसवत नाही, ते स्टुलावर काय चढणार! राहिली पट्टी. ती ताकेईंच्या गुडघ्यावर असते, पण येते दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून.”

नागायाकाकूंनी लपवाछपवी केली नाही.

“मीच. ओढली दोरी की हे दात आवळत पळत येणार, आणि वर आभार मानणार! ते आभार कानात खुपायला लागले. म्हटलं, एक दिवस तरी बसू देत. खिळी वाकड्या निघतील हे डोक्यातच आलं नाही.”

“आणि ताकेई, तुम्ही खोटं का बोललात?”

“पट्टी बघताच ओळखली,” ताकेई खाली बघत म्हणाले. “दोरी सोडायला सांगायला हवं होतं. पण खरं सांगू? सकाळभर बसायला बरं वाटलं.”

कुवाबारांनी पेन काढलं. “चला, नाव मिळालं.”

“थांबा साहेब. आपल्याकडे एक ‘का’ विचारून थांबत नाहीत, पाच विचारतात. सदोष माल का गेला? दोरी वर होती. दोरी वर का? काकूंनी बांधली. त्यांनी का बांधली? ताकेईंचं धावणं बघवेना. ताकेई एकटेच का धावत होते? या रांगेला आधी दुसराही मुकादम होता, त्याला काढलं. त्याला का काढलं?”

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

“कारण हातात घड्याळ घेऊन मी इथे उभी होते,” मिझोगुचीबाई म्हणाल्या. “तो बराच वेळ नुसता उभा असतो, म्हणजे अपव्यय, असं मीच लिहून दिलं. तो उभा होता म्हणून ताकेईंना पळावं लागत नव्हतं, ते दिसलं नाही. माझं नाव कळवा.”

“त्यावर शिक्का माझा आहे,” कुवाबारा पुटपुटले. माइक नव्हता, तरी शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. “दोन्ही नावं कळवतो. दुसऱ्या मुकादमाला बोलवायला मी स्वतः जाईन. ताकेई, तुम्ही उद्या यायचं. पण चालत.”

कुवाबारा ताकेईंपुढे कमरेत वाकले. मिझोगुचीबाई त्याहून खाली वाकल्या. काकू सगळ्यांपुढे वाकल्या, सगळे काकूंपुढे, आणि ताकेईही जमेल तितके. आता आधी मान वर कोणी करायची? ज्याचा अपराध कमी त्याने. कोणीच करेना.

बऱ्याच वेळाने ओनोदेराचा दबका आवाज आला.

“साहेब, अपराध मान्य आहे. पण तेवढा तुमचा बूट माझ्या पायावरून काढता का?”